आधारची झेरॉक्स मागितली की काय करायचं? संशयी माणसासाठी सविस्तर गाईड

लॉज असो, जिम असो, कोचिंग क्लास, सोसायटीचं गेट, शाळेचं ऑफिस, हल्ली कुणीही तोंड उघडलं की "आधारची एक झेरॉक्स द्या", आणि आपण देऊन मोकळे होतो, कारण मागे रांग असते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर "बाकी सगळ्यांनी दिली, तुम्हालाच काय झालं" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी आधारच्या विरोधात वगैरे नाही, कामापुरतं मीही वापरतो. पण सरकारचं "डेटा पूर्ण सुरक्षित आहे" आणि कंपन्यांचं "हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे" या दोन्ही वाक्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा काळ गेला.

का गेला ते थोडक्यात. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यून पेपरच्या बातमीदार बाईंनी दाखवून दिलं की ५०० रुपयात लोकांची आधार माहिती बघायचा लॉगिन मिळतो, तर आधी झालं काय, एफआयआरमध्ये त्या बाईंचंच नाव. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रायचे (मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकून "काय नुकसान करता ते करून दाखवा" असं आव्हान दिलं, आणि लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख असं काय काय शोधून समोर मांडलं, वर एक रुपया खात्यात पाठवूनही दाखवला. जून २०२३ मध्ये कोविनची (कोविड लसीकरणाचं सरकारी पोर्टल) माहिती टेलिग्रामच्या बॉटवर मिळायला लागली तेव्हा आरोग्य मंत्रालयाचं पहिलं उत्तर होतं की बातम्या निराधार आणि खोडसाळ आहेत, आणि थोड्याच दिवसांत त्याच प्रकरणात पोलिसांनी बिहारमधून माणूस पकडला.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा मे २०२२ चा. यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) बंगळूर ऑफिसने २७ मे ला पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, दुरुपयोग होऊ शकतो, मास्क्ड म्हणजे नंबर झाकलेलं आधार वापरा. सल्ला शंभर टक्के बरोबर. २९ मे ला सरकारने पत्रक मागे घेतलं, म्हणे गैरसमज होईल, लोकांनी फक्त नेहमीचं तारतम्य वापरावं! तर मंडळी, ते तारतम्य म्हणजे नक्की काय करायचं ते पुढे पायरी पायरीने लिहितो, कारण पत्रकात काही ते लिहिलं नव्हतं.

पायरी १: आधी बोटांना कुलूप लावा

बाकी काही नाही केलंत तरी हे करा. आजच करा.

कारण सांगतो. एईपीएस नावाची सिस्टीम आहे, एनपीसीआय (यूपीआय चालवते तीच संस्था) चालवते, गावोगावच्या बँक मित्राकडे किंवा किराणा दुकानातल्या छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढता येतात ती. त्याला लागतं काय, तर बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. जिथे एटीएम २० किलोमीटरवर आहे तिथल्या आजीसाठी फार चांगली सोय आहे, वाद नाही. पण तुम्ही पुण्यात, ठाण्यात बसून आयुष्यात कधी एईपीएस वापरलं नसेल तरी आधार जोडलेल्या खात्यावर हा दरवाजा बहुतेक उघडाच असतो, आणि तो उघडा ठेवू का असं तुम्हाला कुणी कधी विचारलेलं नसतं. एकावेळी १०,००० रुपयांपर्यंत जातात. आणि ठसा कुठून मिळणार म्हणाल तर घराच्या, जमिनीच्या दस्तावर आपण सगळ्यांनी अंगठे उमटवलेत की नाही? २०१८ साली तेलंगणात नोंदणी खात्याच्या वेबसाईटवरच्या दस्तांवरून ठसे उचलून रबरी बोटं बनवणारा माणूस पकडला गेला होता, त्याने ती सिमकार्ड ॲक्टिव्हेट करायला वापरली होती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार.

आता लॉक कसं करायचं. मायआधार पोर्टलवर (यूआयडीएआयची सरकारी साईट, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघूनच पुढे जा, गुगलवर शोधून वर दिसेल त्या पहिल्या लिंकवर जाऊ नका) आधार नंबर टाकून ओटीपीने लॉगिन करा, बायोमेट्रिक लॉक-अनलॉक असा पर्याय दिसेल, तो उघडून लॉक करा. मोबाईलवरच्या आधारच्या सरकारी ॲपमध्येही हीच सोय आहे. यानंतर बोटं, डोळे, चेहरा यातलं काहीच आधार पडताळणीला चालत नाही, कुणी प्रयत्न केला तर मशीनवर ३३० नंबरची एरर येते.

ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला लागतो. जुनाच बंद पडलेला नंबर असेल तर आधार सेवा केंद्रात जाऊन ७५ रुपये भरून बदलून घ्या. हा नंबर बदलायला अंगठ्याने किंवा चेहऱ्याने तुमचीच ओळख पटवावी लागते, त्यामुळे "तुम्ही काही करू नका, मी परस्पर करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला तिथेच नमस्कार करा.

लॉक केल्यावर अडचण कधी येते तेही सांगून ठेवतो म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. रेशन दुकानात अंगठा लागतो. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाईन दाखला लागतो, त्यालाही. आणि आपल्या महाराष्ट्रात भाडेकरार ऑनलाईन नोंदवताना एजंट घरी मशीन घेऊन येतो तेव्हाही लागतो. अशावेळी तात्पुरतं अनलॉक करायचं, १० मिनिटांनी ते आपोआप परत लॉक होतं.

आणि त्या एजंटकडे, किंवा कुठल्याही मशीनवाल्याकडे, एक गोष्ट बारकाईने बघा. तो म्हणतो "काका, ठसा नीट नाही आला, परत एकदा ठेवा." खरंच नसेल आला, उन्हात काम करणाऱ्यांचे, म्हाताऱ्या माणसांचे ठसे खरंच येत नाहीत. पण दुसऱ्यांदा ठेवलेला अंगठा वेगळ्याच कामाला वापरता येतो, एईपीएसच्या फसवणुकीत ही युक्ती जुनीच आहे. म्हणून परत ठेवायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, एरर वाचा, आणि तो गेल्यावर पायरी २ करा.

पायरी २: हिस्टरी बघा, बँकेला अर्ज द्या

त्याच पोर्टलवर ऑथेंटिकेशन हिस्टरी आहे, मागच्या ६ महिन्यांची, जास्तीत जास्त ५० नोंदी. कुणी, कधी, ओटीपीने की ठशाने पडताळणी केली ते दिसतं. बहुतेक नोंदी बँक, मोबाईल कंपनी, डिजिलॉकर अशा ओळखीच्या निघतील, पण न कळणारं नाव दिसलं तर १९४७ या आधार हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

मग बँक. आधार ज्या ज्या खात्याला जोडलंय त्या प्रत्येक बँकेत साधा अर्ज द्यायचा, "माझ्या खात्यावरची एईपीएस सुविधा बंद करावी", आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यायची. काही बँकांच्या ॲपमध्ये हे बटण मिळतं. ब्रांचमध्ये मात्र निम्म्या वेळा काउंटरवरच्याला एईपीएस म्हणजे काय हेच माहीत नसतं, तेव्हा शांतपणे ब्रांच मॅनेजरला भेटा.

पायरी ३: झेरॉक्सऐवजी मास्क्ड आधार

पोर्टलवरून आधार डाऊनलोड करताना "मास्क्ड हवं का" असा चौकोन येतो, त्यावर टिक करा. यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आता हा पासवर्ड कुणीही अंदाजाने ओळखू शकतो हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

पंचवीस प्रती काढून घरात ठेवा. देताना प्रत्येक प्रतीवर फोटोला लागून आडवं लिहा: "फक्त अमुक कामासाठी, तारीख", आणि सही. असं लिहिल्याने कायद्याने काही कवच मिळतं असं नाही, पण तीच प्रत दुसरीकडे चिकटवणाऱ्याची पंचाईत होते.

आणि प्रिंट कुठे काढता त्याकडे लक्ष द्या हो. झेरॉक्स सेंटरमध्ये भिंतीवर एक व्हॉट्सॲप नंबर लावलेला असतो, सगळं गाव त्यावर आधार, पॅन, मार्कशीट पाठवतं, आणि त्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप दिवसभर उघडं. कधी नजर टाका त्या स्क्रीनवर, डाव्या बाजूला ओळीने अनोळखी नंबर आणि प्रत्येकाखाली "आधार डॉट पीडीएफ". संध्याकाळी ते कोण डिलीट करतं? कुणीच नाही. यात दुकानदाराचा काही वाईट हेतू नसतो, पण कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला की सगळा गाव सोबत गेला. पेनड्राईव्ह न्या, नाहीतर पाठवलेला मेसेज "सर्वांसाठी डिलीट" करा आणि डाऊनलोड फोल्डरमधूनही समोर उभं राहून काढायला लावा.

नंबरच हवा म्हणून कुणी अडून बसलं आणि पडताळणी खरी ऑनलाईन असेल तर व्हीआयडी द्या. हा १६ आकडी तात्पुरता नंबर, हवा तेव्हा बदलता येतो. नोंदवलेल्या मोबाईलवरून १९४७ ला एसएमएस करायचा, इंग्रजीत जीव्हीआयडी, मग एक जागा सोडून आधारचे शेवटचे ४ आकडे.

पायरी ४: तीन प्रश्न, आवाज न चढवता

कोण मागतंय? कुठल्या नियमाने? आणि नाही दिलं तर काय? एवढंच विचारायचं. पण उत्तर खरं की खोटं हे ओळखायला थोडा कायदा माहीत हवा.

२६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. आधार योजना वैध ठरली, पॅनला जोडणं वैध ठरलं, पण बँक खातं आणि सिमकार्डची सक्ती गेली, शाळा प्रवेशाची सक्ती गेली, आणि खाजगी कंपन्यांना आधार वापरू देणारं आधार कायद्याचं कलम ५७ त्या मर्यादेत उडालं. तो विरोधातला एक म्हणजे न्या. धनंजय चंद्रचूड, त्यांनी अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. (वडिलांचा आणीबाणीतला १९७६ चा निकाल या मुलानेच २०१७ च्या प्रायव्हसी खटल्यात खोडून काढला होता, त्यामुळे मला या विरोधी निकालाचं फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.) पुढे २०१९ मध्ये सरकारने कायदा बदलून बँका आणि मोबाईल कंपन्यांना "ऐच्छिक" आधार वापरायची वाट परत उघडून दिली. ऐच्छिक हा शब्द मात्र काउंटरपर्यंत पोचलाच नाही.

म्हणजे व्यवहारात काय होतं बघा. सरकारी तिजोरीतून पैसे किंवा सबसिडी येत असेल, म्हणजे रेशन, शिष्यवृत्ती, अशा ठिकाणी आधार कायद्याच्या कलम ७ खाली आधार मागता येतं, तिथे वाद घालून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. लाडकी बहीणची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये आली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं, आणि विधवा, अनाथ, एकट्या बायकांनी काय करायचं हा विचार सरकारला नंतर सुचला, मुदत वाढवावी लागली. तोवर खोट्या वेबसाईटही निघाल्या होत्या. अशा वेळी नियमाशी भांडायला वेळ नसतो, फक्त पत्ता तपासून, दुसऱ्याच्या फोनवर ओटीपी न सांगता, शक्यतो स्वतः भरा.

बँकेत केवायसीला पासपोर्ट, लायसन्स, मतदार कार्ड, नरेगाचं जॉब कार्ड चालतं. "सिस्टीम घेत नाही" हे उत्तर मिळेल, मिळतंच. त्यावर म्हणायचं, "ठीक आहे, तेवढं लेखी द्या." लेखी द्या म्हटल्यावर बऱ्याच सिस्टीम घ्यायला लागतात.

शाळेत अपार आयडीचं (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच ओळख नंबर) संमतीपत्र येतं. ते ऐच्छिक आहे, म्हणूनच तर संमतीपत्र म्हणतात, पण वर्गशिक्षिकेवर १०० टक्के भरून आणायचं प्रेशर असतं त्यामुळे मुलांना वर्गात उभं करून विचारलं जातं. नको असेल तर बाईंशी भांडू नका, मुख्याध्यापकांच्या नावाने दोन ओळींचं पत्र द्या.

लॉज, जिम, क्लास, सोसायटी यांच्यासाठी आधार कायद्यातलं कलम ८ए लक्षात ठेवा. ऑनलाईन पडताळणी न करता नुसतं कार्ड बघणाऱ्याने तुमची संमती घ्यायची, दुसरा कुठला पुरावा चालेल ते सांगायचं, आणि आधार नंबर गोळा करायचा नाही, वापरायचा नाही, साठवायचा नाही. म्हणजे लॉजच्या रिसेप्शनवरची ती जाडजूड फाईल मुळात असायलाच नको. पोलिसांसाठी ओळख नोंदवायची म्हणत असतील तर लायसन्स दाखवा. सोसायटीच्या गेटवर उभ्या वॉचमनदादांना मात्र काही ऐकवू नका, त्यांना सेक्रेटरींनी सांगितलंय म्हणून ते मागतात. पत्र सेक्रेटरींना, विषय पुढच्या मीटिंगमध्ये: पाहुण्यांचे, घरकामाच्या ताईंचे फोटो आणि नंबर ज्या ॲपमध्ये जातात ते किती दिवस राहतात, कोण बघू शकतं, ॲप बंद केलं तर डेटा कुणाकडे. दोन मीटिंगमध्ये कुणाकडे उत्तर नसेल तर तेच उत्तर समजा.

पायरी ५: कंपन्यांचं "ऐच्छिक"

दुकानात बिलिंगला "सर, मोबाईल नंबर?" "नको." "सर, बिल निघत नाही." निघतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडवू नका. काउंटरवरची पोरगी १० तास उभी असते, तिच्याशी गोड बोला, ती १० वेळा शून्य टाकून बिल काढून देते.

लोन ॲपने कॉन्टॅक्ट, गॅलरी मागितली तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ पासूनच्या नियमांनी कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधल्या कॉन्टॅक्ट आणि फाईलींना हात लावता येत नाही, कॅमेरा आणि लोकेशन फक्त केवायसीपुरतं एकदा. जो मागतो तो नियम पाळत नाही, मग वसुलीत तरी काय पाळणार.

विमानतळावर डिजियात्रा. चेहरा दाखवून आत जायची सोय आहे, ऐच्छिक आहे, आणि चालवते डिजियात्रा फाउंडेशन, ज्यात एअरपोर्ट ॲथॉरिटीचे २६ टक्के आणि बाकी विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचे. दारात कुणी हसतमुखाने "सर, इकडे बघा" म्हणालं तर आधी विचारा की हे रजिस्ट्रेशन आहे का, आणि साध्या रांगेत जा. ती रांग असायलाच लागते.

फोनचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने सगळ्या नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्या असा आदेश कंपन्यांना दिला, बोंबाबोंब झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. गंमत म्हणजे संचार साथीची वेबसाईट खरंच कामाची आहे, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे ओटीपीने दिसतं आणि न ओळखीचं सिम कळवता येतं. ॲप न टाकता ब्राउझरमधून वापरा. सक्तीला नाही आणि चांगल्या सोयीला हो, दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं.

पायरी ६: पैसे गेलेच तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन, मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग बँकेला लेखी. क्रम तोच ठेवा, पण सगळं त्याच दिवशी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची नसेल आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य, बँकेने १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची. हा नियम बँकेत स्वतःहून कुणी सांगत नाही, अर्जात त्याचा उल्लेख करा.

डेटा संरक्षण कायद्याचं काय असं विचाराल. ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी. दंड २५० कोटीपर्यंत, ऐकायला भारी, पण तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा डेटा फुटला त्याला दमडी नाही. उलट नागरिकाने खोटी तक्रार केली तर त्यालाच १०,००० पर्यंत दंड. आणि सरकार आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकतं. म्हणून मी या कायद्याच्या भरवशावर काहीच सोडलेलं नाही.

पायरी ७: माहिती अधिकार

सरकारी ऑफिस, महापालिका हॉस्पिटल, विद्यापीठ यांनी विनाकारण आधार मागितलं तर हे हत्यार. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून ऑनलाईन अर्ज होतो, आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. मी असा लिहितो:

"आपल्या कार्यालयात अमुक कामासाठी आधार क्रमांक घेतला जातो. (१) हे ज्या आदेशाने, परिपत्रकाने किंवा अधिसूचनेने घेतले जाते त्याची प्रत द्यावी. (२) आधारऐवजी चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी असलेल्या आदेशाची प्रत द्यावी. (३) गोळा केलेल्या प्रती किती काळ ठेवायच्या व कशा नष्ट करायच्या याबाबतच्या आदेशाची प्रत द्यावी. असा आदेश नसल्यास तसे लेखी कळवावे."

"का घेता" असं विचारू नका, "का" ला माहिती अधिकारात उत्तर द्यायची सक्ती नाही, कागद मागा. आणि कुठल्याही अधिकाऱ्याचं किंवा व्यक्तीचं नाव त्यात आणू नका, कारण डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदलून टाकलंय, वैयक्तिक माहिती म्हटलं की अर्ज फेटाळायला आता पूर्वीपेक्षा फार सोपं झालंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला मूळ अर्जाचा नोंदणी नंबर लागतो, तो पोर्टल एकदाच ठळक दाखवतं, तेव्हाच स्क्रीनशॉट काढून ठेवा.